उमरावांच्या कोटाचं अस्तर

४ जून

ती. थोरल्या आजोबांना नमस्कार,

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही सगळ्याला "हो हो, मजेत" म्हणता आणि मग आजी सांगते, त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. म्हणून पत्र. एवढं लांब मराठी मी शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितेय, चुका पोटात घाला.

मला नोकरी लागली! आणि कुठे, तर उमरावांच्या घरात! त्या घराचं आता म्युझियम झालंय ना. तिथे प्रत्येक वस्तूखाली छोटी पाटी असते, त्या पाट्या लिहायचं काम माझं. आजोबा, मी रोज त्यांच्या जिन्यावरून वर जाते. अजून पाय जपून टाकते, कुणी रागावेल असं वाटतं.

तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्यांना पाहिलंय. पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शहरातलं सगळ्यात मोठं घराणं, सख्खे काका राजवटीचे मंत्री, आणि हा माणूस त्याच राजवटीविरुद्ध कविता करतो. गोदीतल्या कामगारांच्या सभेला बग्गीतून जातो. ते "आले उमराव, आले उमराव" म्हणून चिडवतात. आणि हा उभा राहून म्हणतो,

भुकेला आडनाव नसतं.
मी माझं दारात काढून आलो.

चिडवायचं नाव त्या दिवसापासून प्रेमाचं झालं. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा आलाय, बघा.

आता खरं कारण. त्यांना आणि त्यांच्या पाच साथीदारांना एकदमच पकडलं होतं. प्रेसवाला, मास्तर, नर्स आणि गोदीतले दोघं. ते पाच जण मोठ्या तुरुंगात, एका चादरीवर, अर्ध्या पोटी. उमराव बड्या घरचे, म्हणून त्यांना त्यांच्याच घरात, खालच्या खोलीत पहाऱ्यात ठेवलं. चौदा महिने. त्या पहाऱ्याची फाटकावरची वही आम्हाला गेल्या आठवड्यात मिळाली. त्यात अकरा वेळा लिहिलंय, "कोट, एक, शिंप्याकडे." पुढे तुमच्या दुकानाचा शिक्का. (त्याच वहीत शिपायांचे गणवेशही सहा वेळा सैल करायला गेलेत. चंगळ होती वाटतं!)

समितीवर इतिहासाचे एक सर आहेत. ते म्हणाले, "झालं! पाच जण उपाशी आणि कविराज कोट शिवतायत. अकरा!" कोर्टातला तो प्रसिद्ध फोटो आहे ना, भरदार छाती, दाढी, पांढरे हातमोजे, तो दाखवून म्हणाले, "हा कैदी दिसतो का कुणाला? व्याह्याकडे निघालेला दिसतो." त्यांना कोटाखाली असंच लिहायचंय. पाटी पंचवीस तारखेला ठरणार.

आजोबा, तुम्ही तेव्हा त्या दुकानात होतात. प्लीज सांगा, अकरा कोट कशाला लागले? काहीतरी कारण असेलच ना?

तुमची,
भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नोकरीचं वाचून बरं वाटलं. लहानपणी तू एका जागी पाच मिनिटं बसत नव्हतीस, आता सरकारी खुर्चीवर बसतेस म्हणजे खुर्चीची कमाल.

उमरावांकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आमचे उस्ताद आजारी होते, म्हणून टेप देऊन मला धाडलं. दारात गेलो तर हा एवढा धिप्पाड माणूस. छातीभोवती टेप नेताना मला त्यांना मिठी मारल्यासारखं करावं लागलं. ते म्हणाले, "लाजू नका, कारागीर. ह्या घरात मला कुणी एवढ्या जवळ घेत नाही." मी पडता पडता राहिलो.

तू कोटांचं विचारतेस. त्या अकरा खेपा माझ्या हातून गेल्या हे खरं. त्यापुढचं विचारू नकोस. उस्तादांनी पहिल्या दिवशी टाचण्या तोंडात धरायला शिकवलं. म्हणाले, "टाचण्या असल्या की बोलता येत नाही, म्हणून धरायच्या. वैद्याला रोग कळतो, शिंप्याला अंग. दोघं बडबडायला लागले तर माणसानं कपडे काढावेत कुठं?" गिऱ्हाइकाचं माप तिसऱ्याला सांगायचं नाही. गिऱ्हाईक गेलं तरी नाही.

तुझ्या सरांना म्हणावं, दुरून डोंगर साजरे असतात तसे दुरून काळेही दिसतात. आजीनं तुझ्यासाठी शाल विणायला घेतलीय, रंग कळव.

तुझे,
थोरले आजोबा

१२ जून

ती. आजोबांना,

मी माप नाही विचारलं हो! मी विचारलं अकरा कोट का. ह्यात गुपित काय आहे?

काल मीटिंग झाली. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "माझे आजोबाच त्यांचे शिंपी होते, ते सांगतील." सर खुश झाले, "अरे वा, काय म्हणतात?" आणि मला सांगावं लागलं की ते म्हणतात, विचारू नकोस. सर हसले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "बेटा, माणसं चांगलं असलं की सांगतात."

मी घरी येऊन रडले. मी दहावीत असल्यापासून त्यांच्या "खडूच्या कविता" पाठ म्हणतेय. त्या खोलीच्या भिंतीला काच लावलीय, कारण त्यांनी तिथे खडूनं कविता लिहिल्या असं गाईड सांगतो. मी रोज त्या काचेला हात लावून वर जाते.

माझ्या दारावर पहारा आहे, म्हणजे
दार अजून माझंच आहे.

असं लिहिणारा माणूस साथीदार उपाशी असताना मापं देत बसला होता? असेल तर असेल, मी पाटीवर तेच लिहीन. पण मला तुमच्याकडून कळायला हवं. तुमचा त्यांच्यावर राग आहे का, आजोबा? बड्या लोकांनी वाईट वागवलं का तुम्हाला? तसं असेल तर तेही सांगा.

शाल कुठलीही चालेल.

भिंगरी

१५ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

राग आहे का म्हणून विचारलंस. तीन वेळा वाचलं. तुझ्या आजीला म्हटलं, पोरगी शिकली फार. ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसता म्हणून लोक काहीबाही समजतात. माझंही चाळीस वर्षं तेच झालं."

मी माप सांगत नाही. पण कोट तुमच्याकडे आहे. त्याचं तोंड मी शिवलेलं नाही.

डाव्या काखेखाली चार बोटं अस्तर मी टाक्यांनी बंद केलेलं नाही. तीन बारीक हूक आहेत, अस्तराच्याच रंगाचे. डोळ्यांनी शोधशील तर दिसणार नाहीत, बोटांनी शोध. हूक काढ आणि हात आत घाल. घाई करू नकोस. हात धुऊन घाल.

थोरले आजोबा

१८ जून

आजोबा,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

कोट आमच्या क्युरेटर बाईंच्या ताब्यात असतो. त्या कुणाला हात लावू देत नाहीत, सरांनासुद्धा नाही. मी तुमचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं, आणि म्हणाल्या, "दार लावून घे."

तो कोट आमच्याकडे हँगरवरसुद्धा भरलेला दिसतो. आम्ही सगळे म्हणायचो, काय भारी कापड आहे, जुन्या काळचं! टेबलावर ठेवला. बाईंची बोटं काखेखाली गेली आणि थांबली. "आहेत," त्या म्हणाल्या. हूक निघाले. मग मला म्हणाल्या, "तुझे आजोबा. तू घाल हात."

मी घातला. आधी कापूस लागला. मग कापडाचा थर, मग परत कापूस, परत थर. हात आत जातोय, जातोय, आणि कोटाची आतली बाजू येतच नाही. बाईंनी दिवा जवळ आणला. अस्तर आत घेतलेलं, मग आणखी आत, मग आणखी. प्रत्येक वेळची शिवण वेगळी दिसते, झाडाच्या खोडात गोल असतात तशी. मी मोजल्या. अकरा.

अकरा कोट नव्हतेच. एकच कोट होता. अकरा वेळा आतून लहान केलेला, आणि बाहेरून एक सूतही हलू दिलं नाही तुम्ही.

बाईंनी टेप आतून फिरवला. आकडा वाचला. परत फिरवला. मग आतल्या खोलीतून एक पुतळा घेऊन आल्या. आमच्याकडे बारा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक आहे, तो घालायला केलेला पुतळा. त्याला कोट चढवला. आतून घट्ट बसला. आणि समोर उमराव उभे! फोटोतले! तेच खांदे, तीच छाती.

आम्ही दोघी जमिनीवर बसलो. खुर्च्या होत्या, पण सुचल्याच नाहीत.

आणखी एक. तुम्ही एवढ्या वेळा आत घेतलंत, पण कापड कुठेही कापलेलं नाही. सगळं दुमडून आत ठेवलंय. बाई म्हणाल्या, शिंपी लोक ह्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात.

आजोबा, त्यांना कैदेत जेवण मिळत होतं. घरचं, चांदीच्या ताटात, वहीत लिहिलंय रोजचं. मग हे काय झालं? आणि का लपवलं? उपास केला तर सगळ्या जगाला सांगतात ना लोक?

आकडा मी लिहीत नाहीये, बघा.

भिंगरी

२१ जून

चि. भिंगरीस अनेक अनेक आशीर्वाद.

माप तू घेतलंस, मी सांगितलं नाही. आता बाकीचं सांगायला माझी मला मोकळीक.

कापड कापलं नाही, कारण मला वाटायचं सुटतील, खातील पितील, अंग परत भरेल. तेव्हा कापड कुठून आणायचं?

ताट रोज यायचं हे खरं. पहिल्या दिवशी त्यांनी पहाऱ्यावरच्या हवालदाराला विचारलं, "मोठ्या तुरुंगात माझ्या माणसांना काय देतात?" हवालदारानं सांगितलं. उमरावांनी ताटातून तेवढंच मोजून काढून घेतलं आणि उरलेलं ताट दाराबाहेर सरकवलं. "तुमच्या पोरांना द्या. टाकू नका." चौदा महिने रोज. शिपाई असे फुगले की विचारू नकोस. सहा वेळा त्यांचे गणवेश मीच सैल केले. एका हातानं आत घ्यायचं, दुसऱ्या हातानं बाहेर सोडायचं! म्हणून ते शिपाई कुणाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर ताट बंद.

लपवलं का, ते नीट वाच. तेव्हाचा कायदा असा की त्यांच्या दर्जाच्या माणसावर खटला उघड्या कोर्टातच चालवायचा, लोकांसमोर. ते खटल्यात आहेत तोवर त्यांच्याबरोबरचे पाचही उघड्या कोर्टात. राजवटीला तेच नको होतं. त्यांना निमित्त हवं होतं, की उमरावांची तब्येत ढासळली, दया म्हणून सोडलं. ते सुटले की बाकीच्या पाच जणांचा निकाल बंद खोलीत, एका सकाळीत. मग ती पाच माणसं कुणाला दिसली नसती.

म्हणून त्यांना धडधाकट दिसायचं होतं. कैदेत राहायला, बाई! बाकीचे सुटायला तब्येत वाईट दाखवतात. दर शनिवारी सरकारी डॉक्टर यायचा. बड्या माणसाच्या अंगाला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही असा रिवाज, म्हणून दारातूनच विचारायचा, "कसं आहे?" हे कोट घालून खिडकीशी उभे. "उत्तम. तुम्ही मात्र वाळलात, डॉक्टर." गाल दिसू नयेत म्हणून दाढी. हातांच्या काड्या झाल्या म्हणून हातमोजे. तुझे सर म्हणतात तसे व्याह्याकडे निघाले नव्हते.

कोर्टात तीन तास उभे राहिले. त्या कापसाचंच ओझं केवढं होतं, मला ठाऊक. मी मागच्या बाकावर होतो आणि मनात एकच, माझा टाका सुटायला नको. सुटला नाही. पाचही जण सुटले. पुढे दोन महिन्यांत उमराव गेले. पेपरात आलं, हृदयविकार. झाकली मूठ.

आणि तुझ्या त्या काचेच्या भिंतीवर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. कागद-पेन द्यायचे नाहीत असा हुकूम होता. पण कैदेत असताना मी पहिल्यांदा त्यांचं माप घ्यायला गेलो तेव्हा माझा खडू तिथंच राहिला. शिंप्याचा, चपटा, पांढरा. दुसऱ्या वेळी कोट दुकानात आला, हूक काढून अस्तर उलटं केलं, तर आत कविता. मी चौथी पास. अक्षर अक्षर जुळवून कागदावर उतरवली, प्रेसवाल्याच्या बायकोला नेऊन दिली, मग ब्रशनं खडू झटकला आणि कोट परत. हूक मी पुन्हा पुन्हा आत घ्यायला ठेवले होते, ते ह्यालाही कामी आले.

थोरले आजोबा

२६ जून

आजोबा! आजोबा!

तुम्ही!! "खडूच्या कविता" तुम्ही बाहेर आणल्यात! मी दहावीपासून ज्या म्हणतेय त्या तुमच्या अक्षरात उतरल्या होत्या! आणि तुम्ही माझ्या वाढदिवसाला येऊन नुसतं "फ्रॉकची शिलाई कच्ची आहे" म्हणायचात!

काल मीटिंग झाली. मी भाषण पाठ केलं होतं, पण बाई म्हणाल्या, बोलू नकोस, नुसता कोट दाखव. सरांनी हात धुतले, आत घातला. बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, "माझं वाक्य खोडा." थोड्या वेळानं म्हणाले, "मी तीस वर्षं शिकवतोय हा फोटो." आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, "तुझ्या आजोबांना सांग, मी चांगलं असलं की सांगतात असं म्हणालो होतो. ते मागे घेतो."

कोट आता उलटा करून ठेवलाय, अस्तर बाहेर. पाटी मी लिहिली:

"हा एकच कोट. उमरावांच्या शिंप्यानं तो चौदा महिन्यांत अकरा वेळा आतून लहान केला, म्हणून पाच माणसांचा न्याय सगळ्यांसमोर झाला. ह्याच अस्तरावर कविता लिहिल्या गेल्या."

माप कुठेही नाही. भिंतीची काच सोमवारी काढणार. गाईड रुसलाय.

एकच शंका. आता इथे सगळे तीच विचारतायत. कोट अकरा वेळा गेला. पहिल्यांदा खडू तुमच्याकडून राहिला, म्हणजे पहिल्या खेपेला कोटात कविता नसणार. मग उरल्या दहा. पण पुस्तकात तर नऊच आहेत. दहावी कुठे आहे? तुमच्याकडे आहे का, ट्रंकेत वगैरे? असली तर मी उद्याच्या गाडीनं येते!

तुमची,
भिंगरी

३ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

येऊ नकोस गाडीनं. ट्रंकेत काही नाही.

माप सांगायचं नाही हे माझ्या गप्प बसण्याचं निम्मं कारण होतं. उरलेलं निम्मं तू मोजून काढलंस. कधीतरी कुणीतरी मोजणार हे मला माहीत होतं. ते आपल्याच घरातलं निघालं, हे बरं झालं.

शेवटची खेप. खटला चार दिवसांवर. दुकानात लग्नाच्या कपड्यांची गर्दी, उस्ताद ओरडतायत, दोन रात्री मी झोपलो नव्हतो. कोट आला. आमच्यात कुठलाही कपडा हाती आला की आधी गरम इस्त्री फिरवायची, मग काम. दहा वर्षांची सवय, हात आपोआप जातो. आधीच्या नऊ खेपा मी हात धरून ठेवला होता. त्या दिवशी गेला. ओलं फडकं, वाफ, इस्त्री. अस्तर उलटं केलं तेव्हा पांढरं धुकं उरलं होतं फक्त. एक अक्षर लागेना. मी अस्तर दिव्यासमोर धरलं, तिरपं धरलं, नाकाशी नेलं. नाही.

कोट घेऊन गेलो. शिपाई दारात. शेवटची फिटिंग. टेप त्यांच्या छातीभोवती नेला, आता मिठीची गरज नव्हती, एका हातात येत होते. कानाशी म्हटलं, "साहेब, ह्या खेपेची गेली. मी इस्त्री फिरवली."

मला वाटलं, हा माणूस आता खाली बसेल. चौदा महिन्यांतलं ते शेवटचं लिहिणं. ते जराही हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "अरेरे. तुमच्यावर होती हो ती."

माझ्यावर. भिंगरी, त्यांनी राजवटीवर लिहिलं, भुकेवर लिहिलं, मृत्यूवर लिहिलं. आणि एक माझ्यावर. मी विचारलं, "काय होतं?" तेवढ्यात शिपाई वळून आमच्याकडे बघायला लागला. उमरावांनी हात लांब केला आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "कारागीर, उजवी बाही अर्धा इंच सोडा."

बाही बरोबर होती. मी शिवलेली होती, मला कळत नाही का? पण त्यांनी सांगितलं म्हणून मी तिथेच जमिनीवर बसलो, कोट त्यांच्या अंगावर असतानाच उसवली, अर्धा इंच सोडली आणि परत शिवली. तेवढा वेळ ते माझ्या डोक्यावर डावा हात ठेवून उभे होते. शिपायाला वाटलं, तोल सावरतायत.

परत भेट झाली नाही.

तो कोर्टातला फोटो बघ. उजवी बाही मनगटाच्या खाली आलीय. आमच्या धंद्यातले लोक पन्नास वर्षं म्हणतात, एवढा मोठा माणूस आणि शिंपी बघा कसला. मी ऐकून घेतो.

थोरले आजोबा